उशिरा येणारा प्रोफेसर

गेल्या महिन्यात तुम्ही दोघांनी तिकडून, बसल्या जागेवरून, माझ्या लॅपटॉपवर एक जुना इंग्रजी चित्रपट लावून दिलात आणि फोनवर विचारलंत, "आजी, हाच का तो?" हाच तो. सईने तो शेवटपर्यंत पाहिला. निनादला अर्ध्यात झोप लागली. त्याने मला असंही ऐकवलं की याचा पहिला भाग छान होता, दुसरा फसला, आणि निघाला तेव्हाही तो लोकांना आवडला नव्हता. बाकीच्या जगाचं मला माहीत नाही. हिंगोलीत हा चित्रपट पडला तो माझ्यामुळे, एका शब्दामुळे पडला. हे मोजक्याच माणसांना ठाऊक होतं आणि त्यांतलं आता कोणी उरलेलं नाही. म्हणून नीट, क्रमाने लिहून ठेवते. मधे चुकले तर विचारा. मी अजून विचारण्याजोगी आहे.

आमचं घर कचेरीच्या मागच्या गल्लीत होतं. तीन खोल्या, पुढे ओसरी, मागे आड. अण्णा, म्हणजे माझे वडील, वकील होते. तेव्हाच्या हैद्राबाद राज्यात कचेरीचं सगळं काम उर्दूत चाले, त्यामुळे सकाळी ओसरीवर अण्णा उर्दू कागद मोठ्याने वाचत आणि आत आई जात्यावर बसलेली, असे दोन आवाज एकमेकांत मिसळून मला जाग येई. मग कापसाच्या जिनिंगचा भोंगा होई. त्यानंतर आगगाडी यायची, पण ती कधी यायची हे कोणीच सांगू शकत नसे. हळद शिजवण्याच्या दिवसांत गावावर एक ओला, मातकट वास बसून राही आणि बाजारातून आलेल्या माणसाचे हात पिवळे असत. जेवायला भाकरी, अंबाडीची भाजी, मंगळवारी येसराची आमटी. मंगळवारी, कारण त्या दिवशी हिंगोलीचा बाजार भरे आणि साखऱ्याहून आबा, माझे आजोबा, बैलगाडीने येत. आबांना येसराची आमटी लागे, आणि ती कढत लागे. थाळा समोर आला की ते आधी बोट बुडवून बघत.

त्या वर्षी मला एका जागी बसवत नसे. चौदा पूर्ण झाली होती. निवडायला घेतलेलं धान्य मी अर्ध्यावर सोडून उठे, आडापर्यंत जाई, परत येई, ओसरीवर उभी राही. आई म्हणे, "काहून अशी घिरट्या घालून राहिली? पायाला भिंगरी लागली का?" मला कारण ठाऊक होतं आणि तिलाही. शिरड शहापूरच्या एका घरातून माझ्यासाठी विचारणा आली होती. काळी जमीन, दोन विहिरी, मुलगा निर्व्यसनी. आबांच्या मनात ते बसलं होतं. अण्णांच्या मनात मात्र मला हैद्राबादला मामाकडे ठेवून मॅट्रिकपर्यंत शिकवायचं होतं. माझं इंग्रजी चांगलं आहे असं त्यांना मिसबाईंनी सांगितलं होतं. मिसबाई म्हणजे जुन्या छावणीच्या बाजूला एकट्या राहणाऱ्या वृद्ध ख्रिस्ती शिक्षिका. तीन वर्षं मी रोज दुपारी त्यांच्याकडे जात होते. आबा आणि अण्णा या विषयावर कधी भांडले नाहीत. ते दर मंगळवारी तो विषय काढत, आणि आमटी संपली की तो तसाच ठेवून देत. मी आतल्या खोलीच्या दाराशी उभी राहून ऐकत असे. रागावलेली माणसं मला परवडली असती.

याच दिवसांत जिनिंगच्या रिकाम्या गोदामात सिनेमा सुरू झाला. दुसरं महायुद्ध चालू होतं, रॉकेल मिळत नव्हतं, आणि खेड्यांतल्या लोकांना अंधार पडायच्या आत घरी पोचायचं असे, म्हणून मालकाने खिडक्यांना गोणपाटं ठोकली आणि बाजाराच्या दिवशी भर दुपारी खेळ लावला. बाहेर ऊन रखरखत असताना आत काळोख. यंत्रातून निघणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात कापसाचे तंतू तरंगत आणि ते पडद्यावर किड्यांसारखे दिसत. पडदा म्हणजे चार धोतरं एकाला एक शिवलेली. चित्रपट इंग्रजी असला की पडद्याशेजारी रहीमचाचा पत्र्याचा कर्णा घेऊन उभे राहत. यंत्रवाला आवाज बारीक करी आणि चाचा गोष्ट समजावून सांगत, थोडी मराठीत, थोडी त्यांच्या दखनीत. पहिला भाग असा मी अण्णांबरोबर पाहिला. पांढऱ्या दाढीचा एक प्रोफेसर लोखंडाचं अंड्यासारखं यंत्र बांधतो आणि त्यात बसून मंगळावर जाऊन येतो. हातात कायम काठी. मंगळावरसुद्धा ती काठी टेकतच तो चालला. लोकांना तो म्हातारा फार आवडला. "आपल्या पाटलावानी चालतंय बघ," असं कोणीतरी म्हणालं आणि सगळं गोदाम हसलं. तीन मंगळवार तोच खेळ चालला. आबांनी तो दोनदा पाहिला, आणि दोन्ही वेळा शेवटी प्रोफेसर सुखरूप उतरला तेव्हा "बराबर" असं म्हणाले.

दुसरा भाग आला तेव्हा रहीमचाचांचा घसा बसला होता. आवाज फुटतच नव्हता. मालक अण्णांकडे आला. रिळांबरोबर आलेलं चार पानांचं छापील इंग्रजी पत्रक त्याच्या हातात होतं. "वकीलसाब, तुमची मुलगी वाचील का हे? पडद्याआडून बोलंल. दिसणार न्हाई कोणाला." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. आबा जेवत होते. आई म्हणाली की हे काही बरं दिसत नाही. आबांनी हात धुतले आणि म्हणाले, "बोलू द्या तिला. मी बी बघतो तुमची इंग्रजी. एवढ्या लोकायसमोर तिनं बराबर समजावून सांगितलं, तर शिकलेली म्हणीन. न्या मग हैद्राबादला. न्हाई जमलं, तर शिरड शहापूरवाल्याला निरोप धाडतो."

अण्णा म्हणाले, "शब्द ना आबा?"

"शब्दच हाये. कागद करायचा का उर्दूत?"

पत्रक मी तीन दिवस घोकलं. मिसबाई परभणीला कोणाकडे तरी गेल्या होत्या, म्हणून मी त्यांनी दिलेला कोश घेऊन बसले. प्रत्येक अवघड शब्द मी शोधला, वहीत लिहिला, समोर मराठी अर्थ लिहिला. ती वही पुष्कळ वर्षं माझ्याजवळ होती. ग्रह, कक्षा, गुरुत्वाकर्षण, सगळं तिच्यात बरोबर होतं. 'लेट' हा शब्द तिच्यात नव्हता. तो कशाला शोधायचा? हिंगोलीत लेट हा शब्द हमालांनाही येत होता. गाडी रोज लेट असायची.

पत्रकात पहिल्याच ओळीत 'लेट प्रोफेसर' होता.

तर खेळ सुरू झाला. पडद्याच्या कडेला एक पातळ टांगून त्याच्या आड मला बसवलं होतं, हातात रहीमचाचांचा कर्णा. चाचा माझ्या पायाशी पोत्यावर बसले होते, बोटाने खूण करत: आता बोल, आता थांब. पडद्यावर एक तरुण आला. मी कर्ण्यातून सांगितलं, "हा प्रोफेसरांचा मुलगा आहे. तो म्हणतो, माझ्या वडिलांना यायला उशीर झाला आहे, तोवर यंत्राचं काम मी पाहतो." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, पत्र्यातून तो मोठ्या बाईसारखा येत होता. मग काळा झगा घातलेली एक बाई आली, खुर्चीच्या पाठीला हात लावून रडली. मी सांगितलं, "प्रोफेसरांची बायको. वाट पाहून पाहून रडते आहे." आज तुम्ही म्हणाल, आजी, काळा झगा दिसला नाही का? दिसला. पण काळा म्हणजे दुःखाचा, हे आम्हाला कोणी शिकवलं होतं? आमच्याकडे कपाळ बघून कळतं, आणि गोऱ्या बायका कुंकू लावतच नाहीत.

पुढचा सगळा चित्रपट लोक प्रोफेसरची वाट पाहत बसले. दार उघडलं की सगळे सरसावून बसत. दारातून शिपाई येई, नाहीतर कोणी डॉक्टर येई.

"आला का म्हातारा?"

"न्हाई अजून."

"बैल बसला असंल वाटंत."

"अहो बाई, त्याला म्हणावं निघाला का तरी घरून?" हे मला होतं. पत्रकात तो कधी येतो हे कुठेच नव्हतं. मला वाटलं, शेवटी येईल. गोष्टीत असंच असतं. मी म्हटलं, "येतील." हा शब्द पत्रकात नव्हता, तो मी पदरचा घातला. मुलगा यंत्रात बसून मंगळावर गेला. खाली उतरला, बापाची काठी काढली, लाल मातीत रोवली, टोपी काढून उभा राहिला. आणि चित्रपट संपला.

थोडा वेळ कोणाला कळलंच नाही की संपला. मग मागून कोणीतरी ओरडलं, "काठी आली, म्हातारा कुठं हाये?" हशा झाला, त्यातून शिट्ट्या, मग शिव्या. पुढच्या लोकांनी पडद्याचं एक धोतर ओढून उसवलं. मालक हात जोडत फिरत होता. आता पुढच्या मंगळवारचा एकच खेळ होता. रिळं त्यानंतर दुसऱ्या दिवशी परत जाणार होती. मी कर्णा खाली ठेवला. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: शिरड शहापूर.

पण आबा घरी येऊन पाटावर बसले ते माझ्यावर खूश होऊन. "पोरीचं काय चुकलं? जसं हाये तसं सांगितलं तिनं. घाबरली न्हाई, अडखळली न्हाई. तो बापच हरामखोर. बायको रडून राहिली, लेकरू एकलं आभाळात चाललं, आन् हा कुठं उलथला कोण जाणं. असा बाप मेलेला बरा." ते बराच वेळ प्रोफेसरला शिव्या देत जेवले. मग अण्णांना म्हणाले, "शब्द दिला तो दिला. उन्हाळा सरला की न्या."

अण्णांनी आईला आणखी आमटी वाढायला सांगितली, आणि ते कधीच दुसऱ्यांदा आमटी घेत नसत.

मिसबाई गुरुवारी परतल्या. मी पत्रक घेऊन मोठ्या दिमाखात गेले. त्यांनी चष्मा लावला, पहिली ओळ वाचली आणि म्हणाल्या, "अरेरे. म्हणजे प्रोफेसर वारले."

"नाही बाई. त्यांना उशीर झालाय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. उठल्या आणि भिंतीवरच्या त्यांच्या वडिलांच्या तसबिरीखाली बोट ठेवलं. तिथे नावाच्या आधी तोच शब्द होता, चार अक्षरी, सोनेरी. तीन वर्षं मी त्या तसबिरीसमोर बसून इंग्रजी शिकत होते. "लेट म्हणजे उशिरा. आणि माणसाच्या नावाआधी आला की लेट म्हणजे कैलासवासी," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. मी तुला हे सांगायला हवं होतं."

घरी येताना मी रस्ता चुकले. हिंगोलीत रस्ता चुकणं सोपं नाही.

पुढचे पाच दिवस कसे गेले ते विचारू नका. जेवण जाईना, झोप येईना, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाई आणि कशाला आले ते आठवत नसे. बाजारात त्या खेळाची थट्टा चालली होती. कोणाला यायला वेळ झाला की "प्रोफेसर आले" म्हणत. हे ऐकून अण्णा हसत आणि मी उठून आत जाई. शनिवारी मी रहीमचाचांकडे गेले, कारण त्यांच्याशिवाय विचारायला कोणी नव्हतं. ते ओवा घातलेल्या गरम पाण्याच्या गुळण्या करत अंगणात बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी गुळणी टाकली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बेटी, किसकू मालूम पड्या?"

"कोणालाच नाही."

"फिर नको बोलो. मेरेकू तो अंग्रेजी आतीच नहीं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते शांतपणे सांगत होते की सात वर्षं, आधी फिरत्या तंबूच्या सिनेमात आणि आता इथे, ते पडद्याकडे बघून जे सुचेल ते बोलत आले. पहिल्या भागात प्रोफेसर निघताना जे बोलतो, ज्याला गोदामाने टाळ्या दिल्या, तेही त्यांचंच होतं. "मैं दिल से बोल्या. तू कागद देख के बोली. ग़लत तो दोनों बोले, मगर मेरा ग़लत लोगां कू पसंद आया." मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तेरेकू हैद्राबाद जाना है ना? जा. मुर्दा क्या शिकायत करने आता?"

त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. रविवारी पटलेलं होतं, सोमवारी दुपारपर्यंतही होतं. पण मंगळवारी पुन्हा त्या पातळाआड बसायचं होतं. मागच्या वेळी मला माहीत नव्हतं. आता सगळं माहीत असून कर्ण्यातून तेच सांगायचं, त्या रडणाऱ्या बाईकडे बघत, ते माझ्याने होणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर समोर आबा असणार होते.

मंगळवारी आबांची गाडी दारात उभी राहिली. ते ओसरीवर टेकले, तांब्याभर पाणी प्याले, आणि मी अण्णांच्या देखत एका दमात सांगून टाकलं. अण्णांचा चेहरा मी पाहिला नाही. मी आबांच्या हातातल्या तांब्याकडे बघत होते. आबांनी विचारलं, "कधी वारला?"

"पहिल्या आणि दुसऱ्या खेळाच्या मध्ये, आबा."

"म्हंजे तो आला न्हाई, कारण तो व्हताच कुठं."

"हो."

"आन् मी आठ रोज झाले मेलेल्या माणसाला शिव्या देऊन राहिलो." त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग डोक्याचा रुमाल सोडला, सदरा काढला आणि मागे आडावर गेले. दूरच्या नात्यातलं कोणी वारल्याची बातमी उशिरा आली की आमच्याकडे ऐकल्याबरोबर अंघोळ करतात, अंगावरच्या धोतरासकट. आबांनी स्वतः पाणी शेंदलं आणि तीन बादल्या डोक्यावर घेतल्या. आई चुलीपाशी उभी राहून बघत होती. तिने मला खुणेने विचारलं, कोण गेलं?

आबा ओल्या धोतरानेच ओसरीच्या पायरीशी आले. मी विचारलं, "आता हैद्राबादचं कसं?"

"शर्त काय व्हती? बराबर सांगायचं. तू बराबर सांगितलं का?"

अण्णांनी तोंड उघडलं. "आबा, तिने स्वतःहून..."

"वकिली कचेरीत करा." ते माझ्याकडे वळले. "आज परत हाये ना खेळ? आज बराबर सांग. मी ऐकतो. मंग बघू."

दुपारी गोदामात पंधराएक माणसं असतील. तांड्यावरच्या चार बायका बाजार आटोपून, गाठोडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाकीचे उन्हातून सावलीला आलेले. आबा पहिल्या ओळीत, केस अजून ओले. पडद्याचं उसवलेलं धोतर पुन्हा शिवलं होतं आणि शिवण तिरकी आली होती. मुलगा पडद्यावर आला. मी आधी सांगितलं की मागल्या मंगळवारी माझी चूक झाली होती, लेट म्हणजे वारलेला. मग म्हटलं, "तो म्हणतो, माझे वडील आता नाहीत. त्यांचं राहिलेलं काम मी पुरं करणार आहे."

निनाद, तुला जिथे झोप लागली तो सगळा भाग हाच. रिकामी खुर्ची, खुंटीवरचा कोट, बापाच्या हस्ताक्षरातल्या वह्या तो मुलगा पान पान उलटतो. तू म्हणालास की काही घडतच नाही. ज्या घरात माणूस गेलेलं असतं तिथे असंच असतं, बाळा. लोक वस्तू उचलतात आणि होत्या तिथे परत ठेवतात. पहिला भाग मजेचा होता आणि मलाही आवडला होता. पण गेल्या महिन्यात तो पाहताना मी मधेच उठून कुकर बंद करून आले. दुसऱ्या भागात मी उठले नाही. त्यातली मंगळावरची माती रंगवलेल्या भुशाची आहे हे मला या वयात नीट दिसतं आणि त्याने काही बिघडत नाही. तो उडत्या यंत्राचा चित्रपटच नाही. कोणीतरी निघून जातं आणि मागच्यांना त्याला जाऊ द्यावं लागतं, त्याचा तो आहे. लोकांनी त्यात प्रोफेसर शोधला. आमच्या लोकांनी तर माझ्या सांगण्यावरूनच शोधला.

मुलगा यंत्राकडे निघाला. काळ्या झग्यातली आई फाटकाशी उभी होती. यंत्रवाल्याने आवाज बारीक केला होता, आणि त्या शांततेत आबांनी थेट मला, पातळाच्या पलीकडून, विचारलं, "ती माय त्याला अडवीना काहून?"

रहीमचाचांनी बोटाने खूण केली: बोल.

मी पत्रक पाहिलं. तिथे त्या आईचा एकच शब्द छापलेला होता. "ती म्हणते, जा."

"एवढंच?"

"एवढंच आहे, आबा."

काठी मातीत रोवली तेव्हा तांड्यावरच्या एका बाईने पदर डोळ्याला लावला, आणि कोणी शिट्टी मारली नाही. खेळ संपल्यावर पंधरा माणसं आली तशी निघून गेली. त्यांनी गावाला काही सांगितलं नसावं, कारण हिंगोलीत तो चित्रपट शेवटपर्यंत फसलेलाच राहिला.

घरी येऊन आबा जेवले. विषय निघाला नाही. मी आतल्या दाराशी उभी होते, अण्णा ओसरीवर एकच कागद उलटसुलट करत होते. गाडी जुंपून झाली, आबा वर चढले, कासरा हातात घेतला आणि अण्णांना विचारलं, "हैद्राबादला थंडी पडती का?"

अण्णा म्हणाले, "नाही आबा. फारशी नाही."

"तरी वाकळ नवी शिवायला सांगतो. पोरगी झोपंत पांघरूण फेकती, मामीला सांगून ठेवा," आबा म्हणाले, आणि त्यांनी बैलांना हाक दिली.